हौसाच्या डोक्यावरची चुंबळ

मी एक जुनी चुंबळ आहे. हौसाच्या थोरल्या जावेला, विमलाला, पहिली मुलगी झाली ते १९८८ साल. त्या बारशाचे पाणी भरण्यासाठी हौसाने फाटक्या लुगड्याचा पिळा करून मला वळले. डोके आणि ओझे यांच्या मधे बसणे हे माझे काम.

मित्रांनो, माझ्यावर हंडे आले, मोळ्या आल्या, शेणखताच्या पाट्या आल्या, घर बांधताना जांभ्याचे चिरे आले. लोक म्हणत, "हौसाची मान म्हणजे सागाचा खांब!" म्हणणाऱ्यांपैकी एकानेही ओझे उतरवायला हात लावला नाही. त्या कौतुकाची मला चीड येते.

साठीत तिच्या बोटांना मुंग्या येऊ लागल्या. पोलक्याचे हुक लागेनात. हातातून कपबशी पडली तेव्हा दीर सदू हसला, "काय वयनी, राग माझ्यावर नि फोडतेस बशी?" पुढे चालताना पाय अडखळू लागले, तेव्हा कुठे विमलाने तिला खेडला डॉक्टरांकडे नेले. मीही पिशवीत होते. येताना तांदळाची गोणी आणायची होती ना!

डॉक्टर म्हणाले, "मानेचे मणके झिजलेत. वयानं सगळ्यांचेच झिजतात, तुमचे ओझ्यानं जास्त. नुसती मान दुखत असती तर व्यायाम नि गोळ्यांवर भागलं असतं. पण आत मुख्य नस दबतेय. ऑपरेशन लवकर करा. मानेला झटका अजिबात नको."

घरी विमलाने हे सांगताच सदूने मांडीवर थाप मारली. "नस म्हंजे शीरच ना? मी कधीचा सांगतोय, शीर चढलीय! आपला बाळा पायाळू हाय, उतरवील."

पायाळू म्हणजे पायांकडून जन्मलेला. त्याच्या लाथेने लचक जाते, असे आमच्याकडे मानतात.

"भावोजी, डॉक्टर झटका नको म्हणालेत."

"डॉक्टर काय पायाळू हाय?"

हौसा स्वतःच अंगणात जाऊन बसली. "मारूंदे गो. कापण्यापरीस लाथ बरी."

बाळा हा शेजारचा तरुण. त्याने आधी तिच्या पाया पडून माफी मागितली. मग मानेवर टाच हाणली. हौसा तोंडावर पडली. तिला हात उचलता येईनात, पाय हलवता येईनात. सदू म्हणत होता, "उतरतेय, उतरतेय."

काही उतरले नाही. तिला रत्नागिरीला नेले, ऑपरेशनही झाले, पण उशीर झाला होता. आठ महिने ती अंथरुणावर होती. माशीसुद्धा तिला हाकता येत नव्हती.

मित्रांनो, आईची मान आखडली तर शेक द्या, तिच्या डोक्यावरचा हंडा आधी उतरवा. पण तिच्या हातातून भांडी निसटू लागली, चाल बिघडली, तर हसू नका. तिला मोठ्या डॉक्टरांकडे न्या. आणि कुणी लाथ मारायला पुढे आला, तर मधे उभे राहा. मोठी माणसे ओरडली तरी उभे राहा. मला पाय नव्हते. तुम्हाला आहेत.

हौसा ३ फेब्रुवारी २०२४ रोजी सकाळी वारली. तिचे वय बासष्ट होते.