सोनं पायात नसतं

हॉटेल जुनं होतं आणि जुनं असण्याचेच पैसे घेत होतं. जिना करकरायचा, नळाला गरम पाणी विचार करून यायचं, खिडकीतून बारीक वारा आत येऊन पडद्याशी खेळायचा. एडिसनच्या आमच्या घरात असं काही झालं की आम्ही माणूस बोलावतो. इथे त्याला वारसा म्हणतात.

कोलोरॅडोच्या डोंगरातली ही जागा निहार आणि अनयाने निवडली होती. निहार आमचा मुलगा. क्युपर्टिनोत त्याचं आणि अनयाचं ऑफिस समोरासमोर, पण तिथे ओळख झाली नाही. त्यासाठी दोघांना विमानाने इथे येऊन स्कीइंग करताना एकाच उतारावर पडावं लागलं. तेव्हा साखरपुडाही इथेच, असं ठरलं.

अनयाचे आईवडील, सुहासिनीबाई आणि राजारामपंत, फ्रिस्कोहून आले होते. राजारामपंत मवाळ गृहस्थ. सुहासिनीबाईंचा शास्त्रावर भर. खरं तर साखरपुडा ऑक्टोबरातच व्हायचा, पण तारीख ठरत असताना मी फोनवर शिंकलो आणि तो फेब्रुवारीवर गेला. तेव्हापासून त्यांचा फोन आला की मी दुसऱ्या खोलीत जाऊन बसतो. शोभनाचं, म्हणजे माझ्या बायकोचं, म्हणणं होतं की आता आणखी एक खोट निघाली तर तारीख हलणार नाही, लग्नच मोडेल.

पोचलो त्याच संध्याकाळी, जेवणाच्या टेबलावर, सुहासिनीबाईंच्या शास्त्राची चुणूक मिळाली. निहारने अनयाला सोन्याचे नाजूक पैंजण दिले होते. तिने कौतुकाने पाय पुढे करून दाखवले.

"काढ," सुहासिनीबाई म्हणाल्या.

"आई, दे आर जस्ट अँकलेट्स."

"चांदीचे घाल, पितळेचे घाल, मी बोलणार नाही. सोनं पायात नसतं. लक्ष्मी आहे ती." मग शोभनाकडे वळून, "काय हो, विहीणबाई?"

"अगदी बरोबर," शोभना म्हणाली. तिचा चेहरा एकदम उतरला. मला वाटलं, सूप तिखट असेल.

अनयाने पैंजण काढून पर्समध्ये टाकले. निहार बर्फाकडे बघत बसला.

खोलीत आल्यावर मी उद्याच्या पूजेचा गणपती टेबलावर मांडला. शोभना बाथरूममध्ये गरम पाण्याची वाट पाहत होती. टेबलाला लागूनच कपाट, आणि कपाटात माझे साखरपुड्याचे काळे बूट. देवाच्या पायाशी चपला-बूट, हे काही मला बरं वाटेना. घरी आम्ही पादत्राणं गराजमध्ये ठेवतो. इथे गराज नव्हतं, पण दाराबाहेर गालिचा होता. बर्फाने ओले झालेले रोजचे बूट मी तिथेच काढले होते, त्यांच्या शेजारी काळेही नेऊन ठेवले. एकाच्या चवड्यात करडा लोकरी मोजा कोंबलेला दिसला. आकार टिकावा म्हणून शोभनाने घातला असेल म्हटलं. समोरच्या खोलीचं दार उघडून राजारामपंतांनी पाहिलं आणि त्यांना धीर आला असावा. त्यांनीही आपले दोन जोड बाहेर आणून मांडले. कॉरिडॉरला अगदी घरपण आलं.

सकाळी दारात गालिचा होता. बूट नव्हते.

"अहो, तुमचे काळे बूट कुठे आहेत?" शोभनाने कपाटात डोकं घालून विचारलं.

"बाहेर ठेवले होते. नाहीयेत."

ती पलंगावर बसली. पाणी मागितलं. प्यायली नाही.

"त्यात पाटल्या होत्या," ती म्हणाली. "आईंच्या."

माझ्या आईच्या पाटल्या. आज दुपारी चार वाजता त्या अनयाच्या हातात जायच्या होत्या.

"बुटात?"

"मोज्यात. मोजा नवा आहे."

"खोलीत लॉकर आहे, शोभना."

"त्याला कोड लागतो. तुम्ही तो विसरता. भुवनेश्वरला विसरलात, लिस्बनला विसरलात. आणि तुमचे बूट आजवर कुणी चोरलेत का?"

ती दरवर्षी माझ्या बुटांच्या भरवशावर जग फिरत होती आणि ते मला आज कळत होतं.

मी खाली काउंटरवर गेलो. सुटातल्या तरुणाने हसून सांगितलं की ही या हॉटेलची पहिल्या दिवसापासूनची परंपरा आहे, दाराबाहेर ठेवलेले बूट रात्री नेऊन पॉलिश करून देतात. खोलीतल्या कार्डावर तसं लिहिलंय. फक्त आज अडचण अशी की बूट तळघरातल्या खोलीत कुलपात आहेत, किल्ली ज्याच्याकडे आहे तो खालच्या गावात राहतो, आणि हिमवादळामुळे घाटाचा रस्ता बंद आहे.

"कधी उघडेल?"

"दुपारी. किंवा उद्या. बुटात काही मौल्यवान आहे का, सर? तसं असेल तर मी सिक्युरिटीला बोलावतो, तुमच्यासमोर कुलूप तोडू आणि वस्तूंची नोंद करू."

मी तोंड उघडलं. तेवढ्यात मागे चाहूल लागली. सुहासिनीबाई उभ्या होत्या, शालीत गुरफटलेल्या.

"नाही नाही," मी म्हणालो. "नुसते बूट."

"मी टॉवेल मागायला आले होते," त्या म्हणाल्या. मी काही विचारलं नव्हतं.

ब्रेकफास्टला आम्ही दोघे व्याही हॉटेलच्या पांढऱ्या सपातांत बसलो, ऑपरेशनच्या आदल्या दिवशी बसतात तसे. खिडकीबाहेर बर्फ आडवा पडत होता. शोभना टोस्टला लोणी लावत होती, त्यावर पुन्हा लोणी लावत होती. सुहासिनीबाईंनी चहात मीठ घातलं आणि तो पूर्ण प्यायल्या.

"बाबा, रिलॅक्स यार," निहार म्हणाला. "बूटच आहेत. स्नीकर्स घाला."

"स्नीकर्स?" शोभना इतक्या चिरक्या आवाजात म्हणाली की पलीकडचं टेबल आमच्याकडे बघायला लागलं.

जिन्यात तिने माझी बाही धरली. "सांगून टाकू का त्यांना? पाटल्या नसतील तर देणार काय?"

"काय सांगणार? लक्ष्मी माझ्या बुटात होती म्हणून?"

"तुम्ही शिंकलात तेव्हा त्यांनी चार महिने घेतले," ती म्हणाली. "याला काय घेतील?"

तिचे डोळे भरले होते. विनोद करायची माझी सवय आहे, पण त्या वेळी एकही सुचला नाही. निहार खाली लॉबीत अनयाच्या हातावरच्या मेंदीचा फोटो काढत होता.

जेवण झालं. रस्ता बंद. दोन वाजले. गुरुजी एडिसनहून व्हिडिओवर येणार होते, त्यांनी कनेक्शन तपासून घेतलं. आमचं उत्तम होतं, रस्त्याचं नव्हतं. शोभना साडी नेसून खिडकीत उभी राहिली आणि घाटातून वर येणारा प्रत्येक दिवा बर्फ उपसणाऱ्या गाडीचाच निघाला.

अखेर रस्ता उघडला आणि तीन वाजून गेल्यावर दारावर टकटक झाली. मी उघडेपर्यंत माणूस पुढच्या दाराशी पोचला होता. गालिच्यावर माझे बूट होते. त्यात तोंड दिसत होतं. काळ्याच्या चवड्यात करडा मोजा, गाठ मारलेला.

शोभनाने तो उचलला आणि तिचा हात हवेतच थांबला.

"हलका आहे," ती म्हणाली.

मी दार लावलं. आता कुणाचं तरी नाव घ्यावं लागणार होतं. किल्लीवाल्याचं, पॉलिशवाल्याचं. मी आजवर कुणावर चोरीचा आळ घेतलेला नव्हता. सुरुवात साखरपुड्याच्या दिवशी व्हावी असं वाटत नव्हतं. शोभनाला गाठ सुटेना. मी दातांनी सोडवली.

आतून एक सोन्याचा गोफ आणि पुरुषाच्या मापाची अंगठी पलंगावर पडली.

आम्ही बघत राहिलो. गोफ आमचा नव्हता. अंगठी आमची नव्हती. मुलीकडून जावयाला काय देतात ते आठवायला मला थोडा वेळ लागला. शोभनाला लागला नाही.

"अहो," ती फार हळू म्हणाली, "पॉलिश करताना मोजे बाहेर काढले असतील. आणि परत घालताना..."

दारावर पुन्हा टकटक झाली.

सुहासिनीबाई पैठणीत उभ्या होत्या. उजव्या हाताच्या दोन बोटांत, शेपटीने उंदीर धरावा तसा, त्यांनी एक करडा मोजा धरला होता. त्यांच्या मागे, समोरच्या दारात, राजारामपंत चमचमत्या बुटांत, नजर छताला लावून.

मला शिंक येत होती. मी नाक इतकं जोरात दाबलं की कानात दडे बसले.

"शोभनाताई," सुहासिनीबाई अखेर म्हणाल्या, "तुमची ही पिशवी चुकून आमच्याकडे आली."

शोभनाने वळून पलंगावरच्या वस्तू मोज्यात भरल्या. "हो का? ही तुमची पिशवी आमच्याकडे आली होती."

पिशव्यांची अदलाबदल झाली. दोघींनी आपापली वजनाने जोखली. शोभनाचे खांदे सकाळपासून पहिल्यांदा खाली आले.

"माझी पिशवी नवीन होती," शोभना म्हणाली.

"माझीही. लेबलसुद्धा कालच काढलं." त्या जायला निघाल्या, थांबल्या. "लॉकरला कोड लागतो हो. हे विसरतात."

"आमचेही," शोभना म्हणाली.

राजारामपंतांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे पाहिलं. दोघांनाही आपापले कोड आठवत होते, पण ती वेळ नव्हती.

बरोबर चार वाजता, गुरुजींचा चेहरा पडद्यावर मधूनमधून गोठत असताना, आईच्या पाटल्या अनयाच्या हातात गेल्या आणि गोफ निहारच्या गळ्यात. सगळ्यांच्या पाया पडून झालं. अनया आईपुढे वाकली, तशा सुहासिनीबाई तिच्या रिकाम्या घोट्यांकडे बघत राहिल्या.

"ते पैंजण कुठे आहेत?"

"पर्समध्ये. तूच काढायला लावलेस."

"घाल."

"पण काल तू म्हणालीस की सोनं..."

"इथे थंडी फार आहे," सुहासिनीबाई म्हणाल्या. "घाल म्हटलं ना."

अनयाने निहारकडे पाहिलं, निहारने माझ्याकडे, आणि मी माझ्या बुटांकडे. शोभनाने खाली बसून स्वतःच्या हाताने पैंजणांची फिरकी लावली.