मरियाचा डावा गाल

नगरच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात शमुवेलने उभी नोकरी एकाच कामात काढली. तयार माल तपासायचा आणि केसाएवढा फरक दिसला की लाल ठिपका देऊन बाजूला टाकायचा. त्याच्या ठिपक्याला साहेबसुद्धा वचकून असत. हाच माणूस तरुणपणी तांब्याच्या पत्र्यातून चेहरे ठोकून काढायचा, हे कोणाला सांगून खरं वाटलं नसतं. नोकरी लागली आणि हातोडी माळ्यावर गेली, ती गेलीच.

निवृत्तीनंतर त्याने ती खाली काढली ती बायकोसाठी. आदल्या वर्षी मरियाच्या तोंडावरून वारं गेलं. डावा गाल लोंबला, हसताना तोंड वाकडं होऊ लागलं. चर्चमध्ये पहिल्या रांगेत उभी राहून गाणारी बाई आता पदर ओढून शेवटच्या बाकावर बसायची. गाणं तर बंदच. घरात नवऱ्यापुढे तेवढी ती मोकळी असे. तिने पुन्हा तोंड वर करून गावं, एवढंच शमुवेलला हवं होतं. औषधं थकली, तेव्हा त्याला तांबं आठवलं; त्यात घडवलेला आपला चेहरा पाहून तिला धीर येईल, असं वाटलं.

ठोके झेलायला खाली मऊ राळेचा थर देऊन त्यावर पत्रा बसवला आणि त्याने महिनाभर ठोकाठोकी केली. शेजाऱ्यांचे कान किटले. मरियाचा चेहरा तयार झाल्यावर जुन्या खोडीने त्याने कंपास लावून पाहिला. दोन्ही गाल सारखे, ओठ सरळ, ठिपका द्यायला कुठे जागा नाही. स्वारी खूश झाली.

मरियाने चेहरा हातात घेऊन बराच वेळ पाहिला.

“कोन हाय ही?”

“कोन म्हंजे? तूच की!”

“न्हाई. तुमाला बी सरळच लागती व्हय? मग मला लाल ठिपका द्या अन् टाका बाजूला.”

आणि तिने त्याच्यादेखत पदर ओढून घेतला. शमुवेलला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरातला तेवढा मोकळेपणा होता, तोही त्याने आपल्या हाताने घालवला होता.

तांब्याचं एक बरं असतं. ठोकून ठोकून ते कडक होतं, पण लाल होईपर्यंत तापवलं की पुन्हा मऊ पडतं. दुसऱ्या दिवशी सकाळी शमुवेलने तो चेहरा बर्नरच्या जाळावर धरला.

मरिया धावत आली. “अवो, एवढ्या मेहनतीचं जाळताय कशाला?”

“जाळत न्हाई, मऊ करतोय. चूक माझी हाय. समोर बस, आता बघून करतो.”

ती बसली, पण पदर तसाच. चेहरा पाण्यात निववून त्याने पुन्हा राळेवर बसवला, हातोडी उचलली आणि थांबला.

“गाताना तुझा ओठ कुटवर जातो, मला ठावंच न्हाई. वरीस झालं तू गायलीच न्हाईस.”

मरियाने हळूच पदर खाली केला. आवाज फुटायला वेळ लागला, पहिली ओळ तर अर्धीच निघाली. दुसऱ्या ओळीला तिला सूर सापडला. शमुवेल हातोडी तशीच धरून ऐकत राहिला, आणि त्या सकाळी तांब्यावर एकही ठोका पडला नाही.