बेचाळिसावा फोटो

मित्रांनो, मी एक जुना रिळाचा कॅमेरा आहे. उमेदीच्या काळात मी इतकी लग्नं पाहिली, की हसणं हा माणसांचा स्वभाव नसून शिष्टाचार आहे, हे मला लवकर कळलं. तेव्हा माझं फार कौतुक होई. पुढे मोबाइल आले आणि मी कपाटात डांबराच्या गोळ्यांच्या सहवासात गेलो.

तिथून मला बाहेर काढलं आमच्या नदीकाठच्या पेठेनं. एके काळी तिच्या धक्क्याला मालाच्या नावा लागायच्या. आता गाळ लागतो. मालाचं वजन करायचं उरलंसुरलं काटाघर एके दिवशी दुपारी बाराला पाडणार होते. त्याच्या भिंतीवर दर पुराची रेघ होती, नावाड्यांनी कोरलेल्या खुणा होत्या, आणि एकही फोटो कुणाकडे नव्हता. म्हणून माझे मालक, निवृत्त फोटोग्राफर, थोरल्या बहिणीला आणि मला घेऊन सकाळीच पोचले.

मालकांचा सराव सुटलेला. घाईत रिळाचं टोक माझ्या दातऱ्यांत अडकलंच नाही. रीळ जागचं हलत नव्हतं, हे मला पहिल्याच फोटोला कळलं. पण मला डोळा दिलाय, तोंड नाही. मी आपला खटक् खटक् करत खोटं बोलत राहिलो.

बाराला पाच मिनिटं असताना भिंत पाडायचं यंत्र आलं.

"ताई, बेचाळीस फोटो निघाले बघ," मालक खुशीत म्हणाले.

"रीळ कितीचं?"

"छत्तीसचं."

"मग वरचे सहा काय माहेरून आले?"

मालकांचा चेहरा उतरला. त्यांनी माझी पाठ उघडली. रीळ कोरं होतं.

ताई यंत्रवाल्याकडे गेली. "भाऊ, अर्धा तास द्या हो."

"बारा म्हणजे बारा, ताई. वरून हुकूम आहे." त्यानं भिंतीवरच्या रेघांकडे पाहिलं आणि डबा काढला. "पण जेवायची सुट्टी माझी. आणि मी सावकाश चावतो."

मालकांनी खिशातलं शेवटचं रीळ काढलं. त्याचं टोक माझ्या दातऱ्यांत नीट अडकवलं.

"आधी फिरतंय का बघ," ताई म्हणाली.

फिरलं. एक रेघ, दुसरी रेघ, खुणा, दार. यंत्रवाला एकेक घास मोजून मापून खात होता. एकोणिसावा फोटो झाला आणि डब्याचं झाकण लागलं. विसाव्यासाठी भिंत उरली नाही.

मित्रांनो, त्या एकोणीस फोटोंतले दोन हललेत, एकात ताईची छत्री आलीय. पण काटाघर आता तेवढंच आहे. तुमच्या गावातली अशी भिंत उभी असेल, तर तिचा फोटो आजच काढा. आणि माझ्यासारखा कुणी हाताशी असेल, तर आधी त्याचं रीळ फिरतंय का बघा. सगळेच यंत्रवाले सावकाश चावत नाहीत.