नरडाण्याची चूल

जळगावातल्या पिंप्राळ्याच्या त्या चाळीत कुणाकडे अचानक पाहुणे टपकले आणि घरात डबे रिकामे असले, की त्या घरची बाई आधी कमलबाईचं दार वाजवायची. उसनं मागायला नाही, विचारायला. "मूठभर तुरीची डाळ आहे, दोन कांदे आहेत, माणसं सहा. काय करू गं?" कमलबाई हातातलं काम न थांबवता सांगायची, "डाळ भिजव, जाडसर वाट. मिरची-लसूण घालून फुनके उकड. ताक माझ्याकडून ने, पातळ कढी कर. पोटभर जेवतील आणि नावही काढतील."

तिला ते जमायचं. तुरीची चुरी ती डाळ मिलच्या दारातून आणायची, अख्ख्या डाळीच्या निम्म्या भावात. रविवारचा बाजार उठायला आला, की ती पिशवी घेऊन निघायची. तोवर भाजीवाल्या बाया दमलेल्या असायच्या आणि उरलेली मेथी, वाकडी वांगी घरी न्यायला त्यांनाही नको असायचं. ज्वारीत उडीद घालून ती कळण्याच्या भाकरीचं पीठ दळून आणायची. सुके बोंबील भुशाच्या शेगडीवर भाजून, लसणाबरोबर ठेचून असे द्यायची, की मुलं बोटं चाटायची. उन्हाळ्यात अंगणात बिबडे, कुरडया आणि तिखट वड्या वाळत असायच्या. सकाळी उठल्यापासून तिचं डोकं आणि हात त्या एकाच कामाला जुंपलेले असायचे, आणि त्याचा तिला अभिमानही होता. माझ्या पानावरून कुणी अर्धपोटी उठत नाही, असं ती चारचौघींत म्हणायची.

तिचा नवरा आधार पाटबंधारे खात्यात शिपाई होता. माणूस शांत, निर्व्यसनी. पगार झाला की घरखर्चाच्या नोटा तो शांतपणे तिच्या हातावर ठेवायचा. त्या नोटा मात्र चार वर्षांत वाढल्या नव्हत्या. तेल वाढलं, साखर वाढली, एक्क्याण्णव साली तर गोडेतेलाचा भाव ऐकून बाया दुकानातून किटली रिकामीच परत आणू लागल्या. कमलबाईने फोडणीचं तेल निम्मं केलं, मग त्याच्याही निम्मं केलं, आणि दाण्याचं कूट घालून रश्श्याला तवंग आणला. घरात कुणाच्या लक्षातही आलं नाही.

लक्षात आलं ते वेगळंच. त्यांची थोरली मुलगी संघमित्रा, घरात सगळे मित्रा म्हणायचे, सातवीत होती. पावसाळ्यात ती शाळेत प्रार्थनेच्या वेळी चक्कर येऊन पडली. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली, नखं पाहिली.

"रक्त फार कमी आहे. या गोळ्या द्या. आणि रोज दूध द्या, अंडी द्या. वाढीचं वय आहे. काय जेवते ही?"

"पोटभर जेवते बाई," कमलबाई म्हणाली. "मेथी असते, डाळ असते..."

"पोट भरतं हो. पण एवढ्याने भागत नाही."

ते वाक्य कमलबाईला फार लागलं. पोट भरणं आणि भागणं या दोन गोष्टी वेगळ्या असतात, हे तिला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. संध्याकाळी तिने नवऱ्याकडे दुधाचे पैसे मागितले. आधारने बूट काढता काढता मान खाली घातली.

"या महिन्यात नाही जमणार. तू कर काहीतरी. तुला जमतं."

तिने केलं. शेंगदाणे आणि गूळ कुटून लाडू वळले, नाचणीची पेज दिली, आपल्या वाट्याचा चहा बिनदुधाचा केला. मित्राच्या डोळ्याची खालची पापणी ती रोज सकाळी खाली ओढून बघायची. आतून ती पांढरीच असायची.

दिवाळीच्या आधी रॉकेलच्या रांगेत तिला बेबाबाई भेटली. बेबाबाईचा नवरा मोतीलाल आधारच्याच खात्यात, त्याच हुद्द्यावर होता. बेबाबाईच्या अंगावर नवं लुगडं होतं.

"फरकाचे पैसे आले ना," ती सहज म्हणाली. "शिवाय महागाई भत्ताही वाढलाय. आमच्याकडे तर दर सहा-आठ महिन्यांनी वाढतोच. मी म्हटलं, या खेपेला मिक्सर घ्यायचा. तुम्ही काय घेतलंत?"

कमलबाई म्हणाली, "अजून ठरलं नाही." आणि डबा पुढे सरकवला.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. आधार दारात सायकल उलटी करून साखळीला तेल देत होता. ती उंबऱ्यात उभी राहिली.

"भत्ता वाढला म्हणे."

त्याचा हात थांबला. पॅडल आपोआप दोन वेळा फिरलं. तेवढ्यात कमलबाईच्या मनात नको नको ते येऊन गेलं. दारू, जुगार, बाई.

"नरडाण्याला देतो," तो म्हणाला.

नरडाण्याला त्याची आई झुंबरबाई होती आणि धाकट्या भावाची बायको रुक्माबाई. भाऊ चिंधा चार वर्षांपूर्वी काविळीने गेला होता. मागे तीन लेकरं. कमलबाई तेव्हा बारा दिवस तिथे राहून आली होती. पुढे ते घर कसं चाललं, याचा विचार तिने केला नव्हता असं नाही. रुक्मा शेतात जाते, आईची थोडी जमीन आहे, चालत असेल, असं तिने स्वतःशी ठरवून टाकलं होतं.

"आईचं एक अंग गेलंय दोन वर्षांपासून. औषधं आहेत. पोरं आहेत. वाढलेलं सगळं तिकडेच जातं."

"मला सांगितलं असतं तर मी काय नाही म्हटलं असतं?"

"नसतंस म्हटलं," आधार म्हणाला. "पण दर महिन्याला तुझ्या तोंडाकडे बघून द्यावं लागलं असतं. तुला एवढ्यात जमतं. रुक्माला नाही जमत."

ती आत गेली. त्या दिवसापासून तिने जमवणं बंद केलं. जेवढे पैसे तेवढाच स्वयंपाक. वर हाताची हुशारी काही नाही. ज्वारीची भाकरी, पाण्यासारखं वरण, मीठ-मिरची. ना कूट, ना फुनके, ना वाटण. आपल्या नवऱ्याने एकदा तरी पान दूर सारावं आणि विचारावं, एवढंच तिला हवं होतं. आधारने विचारलं नाही. तो खाली मान घालून भाकरी वरणात कुस्करायचा, खायचा, ताट धुऊन ठेवायचा. धाकटा मुलगा कुरकुरला आणि मार खाऊन गप्प बसला. मित्रा अर्धीच भाकरी खाऊन "बास" म्हणू लागली. आठवडाही पुरा झाला नाही. एका दुपारी शाळेतून येताना मित्रा चाळीच्या पायरीवरच बसून राहिलेली तिला दिसली. घरापर्यंतची शेवटची चार पावलं तिला उचलत नव्हती. कमलबाईने तिला आत आणलं, पाट्यावर वाटण घेतलं आणि रडत रडत वाटलं.

मग ती नरडाण्याला गेली. का गेली ते तिला धड सांगता आलं नसतं. आपल्या पोरीचं दूध कुठे जातं ते डोळ्यांनी बघायचं होतं. सकाळच्या सुरत पॅसेंजरने निघाली, धाकट्याला बरोबर घेतलं.

स्टेशनापासून त्यांची वस्ती जवळच होती. रुक्माबाई कामाला गेली होती. दार लोटलेलं. आत झुंबरबाई खाटेवर पडलेल्या, तोंडाची एक बाजू खाली ओघळलेली. खाटेशेजारी औषधाच्या बाटल्या. तीन पोरं चुलीपाशी बसून काळ्या चहात टोस्ट बुडवून खात होती. दुपारचं जेवण ते होतं. कोपऱ्यात दुकानच्या शेवेचा कागद पडला होता, टोपल्यात सकाळच्या दोन भाकऱ्या कडक झालेल्या. पोरांचे हातपाय मित्रासारखेच, काटक्या.

कमलबाई जो राग जळगावपासून सांभाळून घेऊन आली होती, तो ठेवायला तिथे जागा नव्हती.

तिने पदर खोचला. डबे धुंडाळले. बेसन सापडलं, तीळ सापडले, दोरीला टांगलेले कांदे, मागच्या अंगणात शेवग्याचं झाड. पऱ्हाटीच्या काड्या पेटवून तिने चूल धरवली. शेवग्याचा पाला खुडून भाजी टाकली, बेसनाच्या पातोड्यांचा झणझणीत रस्सा केला, गरम भाकऱ्या थापल्या. पोरं आधी लांब उभी होती, मग जवळ आली, मग ताटं घेऊनच बसली. रश्श्यात भाकरी चुरून ती अशी जेवली, की धाकटाही त्यांच्या तोंडाकडे बघत राहिला. झुंबरबाईंना तिने मऊ करून घास भरवला. म्हातारीच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं.

"तुना हातनं खाईसन कितला दिवस व्हयनात, कमल."

सर्वांत लहान पोरगी तिच्या पदराला हात पुसत उद्याचं विचारू लागली, "मोठी माय, तू सकाय बी शे का आठे?"

दिवस कलला तेव्हा रुक्माबाई आली. हातात विळा, पायांना वाळलेला चिखल, चेहऱ्यावर उन्हाचे चट्टे. "जयभीम अक्का," म्हणाली आणि थांबली. तिने पातेलं पाहिलं, स्वच्छ पुसलेले डबे पाहिले, पोरांची तृप्त तोंडं पाहिली. तिच्या चेहऱ्यावर आनंद आला नाही.

"माले दखाडाले उनी का, अक्का?"

"तसं नाही गं रुक्मा, तुला दाखवून द्यायला कशाला येऊ..."

"पैसा तुना घरना शे, माले माहीत शे," रुक्माबाईने विळा छपरात खोवला. "तुना पोरंसना तोंडना शे. मी काही आंधळी नई. पण मी सकायले निंदाले जास, दिवस बुडना का घर येस. सासूनं अंथरून मीच धुस. पाला कवय खुडू, वाटू कवय? दुकानमा टोस्ट भेटस, म्हणीसन टोस्ट देस. पैसा भाऊ धाडतस. हात कोठून आनू?"

 आजवर कमलबाईला वाटत होतं, की आपण पैसे वाचवतो. ते पैसे नव्हते. सकाळपासून संध्याकाळपर्यंतचा तिचा अख्खा दिवस होता. रुक्माबाईकडे तो नव्हता. तिने तो केव्हाच दुसऱ्यांच्या वावरात विकला होता.

रात्री दोघी एका ताटात जेवल्या. रुक्माबाईने रश्श्याचा घास घेतला आणि बराच वेळ तोंडात घोळवला. "चांगला व्हयना," एवढंच ती म्हणाली. निघताना सकाळी कमलबाईने तिला पिशवीतलं तिखट वड्यांचं पुडकं दिलं. ते देतानाही तिला संकोच वाटला, कारण त्या वड्या शिजवायलाही कुणीतरी चुलीपाशी असावं लागणार होतं.

घरी आल्यावर आधारने विचारलं, "कशी आहे आई?"

"पैसे द्या तुम्ही. बंद करू नका," ती म्हणाली. त्यापुढे त्या विषयावर दोघांत कधी बोलणं झालं नाही.

पण मित्राचं दूध राहिलंच होतं. ज्या डाळ मिलच्या दारात ती चुरी घ्यायला जायची, तिथल्या मुकादमाला तिने काम विचारलं. डाळ निवडायचं काम मिळालं. सकाळी आठला जायचं, संध्याकाळी सहानंतर सुटायचं. पहिल्या पगारात तिने गवळ्याला अर्ध्या लिटरचा रतीब लावला. आठवड्याला अंडी येऊ लागली. मित्राने दुधाचा पहिला पेला उभ्यानेच पिऊन टाकला, आणि कमलबाईला त्या दिवशी कामावर जाताना रस्ता हलका वाटला.

तो हलकेपणा फार टिकला नाही. भुशाची शेगडी भरून, ठासून पेटवायला वेळ कुठला. रॉकेलचा स्टोव्ह आला. रविवारी दुपारी तिला झोप लागायची आणि बाजार उठून जायचा, मग भाजी दारावरच्या गाडीवरून घ्यावी लागायची, ताजी आणि महाग. कळण्याचं पीठ संपलं ते पुन्हा दळलं गेलं नाही. मिलमधून जे मिळायचं त्यातलं बरंचसं वाण्याकडे जाऊ लागलं. सकाळी दोन्ही मुलं चहा-टोस्ट खाऊन शाळेत जायची. संध्याकाळच्या भाकऱ्या मित्रा करू लागली.

माघात झुंबरबाई गेल्या. नरडाण्याला माती देऊन परतताना रुक्माबाई स्टेशनपर्यंत पोचवायला आली होती. तिचा थोरला मुलगा शाळा सोडून एका किराणा दुकानात लागला होता. गाडी येईपर्यंत दोघी जावा बाकावर बसून होत्या. रुक्माबाईने कमलबाईचा हात हातात घेऊन उलटा केला. डाळ निवडून बोटांची टोकं फाटली होती, नखांत पिवळी धूळ बसली होती. तिने तो हात तसाच मांडीवर ठेवून दिला आणि रुळांकडे बघत राहिली.

उन्हाळ्याच्या सुट्टीत डॉक्टरीणबाईंनी मित्राला पुन्हा तपासलं. "थोडं वाढलंय रक्त. दूध चालू ठेवा," त्या म्हणाल्या. मग तिची बोटं पाहून विचारलं, "हे चटके कसले?" मित्राने हात फ्रॉकमागे नेले. ती सातवीच्या परीक्षेत गणितात नापास झाली होती. वह्या उघडून बसली की तिचे डोळे मिटायचे.

त्या संध्याकाळी कमलबाई मिलमधून आली तेव्हा घरात सगळे तिची वाट पाहत जेवायचे थांबले होते. मित्राने ताटं वाढली. केसांतली धूळ झटकायचंही कमलबाईच्या जिवावर आलं होतं. हात धुऊन ती तशीच भिंतीला टेकून बसली आणि जेवू लागली. आधार खाली मान घालून जेवत होता. धाकटा काहीतरी मागत होता, तिने न ऐकताच हो म्हटलं. डाळ बुडाला लागलेली होती. तिला ते अर्धी भाकरी संपल्यावर कळलं.

तिने मित्राकडे पाहिलं. मित्रा तिच्याचकडे बघत होती, घास हातात धरून.

"चांगली झालीय," कमलबाई म्हणाली, आणि आणखी थोडी वाढून घेतली.