साइटवर बघू

शशिधरला कुठलीही अडचण दाखवा, उत्तर ठरलेलं: "साइटवर बघू." आता 'बघू' म्हणजे 'नाही', हे मराठी माणसाला सांगावं लागत नाही. पण कौन्सिलवाल्या गोऱ्यांना हे कोण समजावणार? त्यांना वाटायचं, माणूस खरंच बघणार आहे.

लंडनमधल्या हाउन्सलोला अपंग मुलांची शाळा बांधायची होती. सरकारी काम, म्हणून आधी अख्खी इमारत कॉम्प्युटरच्या मॉडेलमध्ये उभी करायची, अगदी पाइपांसकट. दोन वस्तू एकमेकींत दहा मिलिमीटरहून जास्त घुसल्या की ती जागा लाल होते. त्याला म्हणायचं क्लॅश. क्लॅश शोधायचं काम नागपूरच्या धम्मशीलाचं. सापडलेले झाकायचं काम तिच्या मॅनेजरनं, म्हणजे या पुणेकर शशिधरनं, स्वतःहूनच अंगावर घेतलं होतं.

क्लॅश नंबर ४१७ चेंजिंग रूममध्ये होता. चालता न येणाऱ्या मुलांना व्हीलचेअरवरून उचलणाऱ्या होइस्टचा रूळ छतालगत जायचा होता, आणि तिथंच हवेचा डक्ट एकशेऐंशी मिलिमीटर आत घुसला होता. रूळ नाही तर होइस्ट नाही, आणि होइस्ट नाही तर त्या मुलांना ही शाळाच नाही. धम्मशीलानं तीनदा सांगितलं. तीनदा 'साइटवर बघू' ऐकलं.

कौन्सिलपुढे प्रेझेंटेशन होतं त्या दिवशी सकाळी तिनं रिपोर्ट उघडला. क्लॅश शून्य. तिला वाटलं, डक्ट हलवला वाटतं. कसला हलवतोय! पठ्ठ्यानं सेटिंगमध्ये दहाच्या जागी दोनशे टाकले होते. एवढी अक्कल डक्ट हलवायला वापरली असती तर अर्ध्या दिवसाचं काम होतं.

"शशिधर, हे तुम्ही केलंत?"

"क्लायंटला शून्य आवडतं. तू उगाच डोकं लावू नकोस."

धम्मशीलाला त्याची किळस आली. तिनं दोनशे खोडून पुन्हा दहा टाकले आणि लॅपटॉप घेऊन मीटिंगला गेली.

शशिधर टाय सावरत पाऊण तास शून्याचे गोडवे गात होता. शेवटी शाळेच्या हेडबाई मिसेस पार्सन्स म्हणाल्या, "मला चेंजिंग रूम दाखवता?" धम्मशीलानं मॉडेल फिरवलं. छत लालभडक झालं.

"ते लाल बंद कर," शशिधर मराठीत पुटपुटला. "साइटवर बघू."

"यांची मुलं साइटवरच येणार आहेत," ती मराठीतच म्हणाली. "त्यांना आजच बघू द्या." आणि मग इंग्रजीत तिनं बाईंना सरळ सांगितलं, की असंच बांधलं तर इथं होइस्ट बसणार नाही.

आठवड्यात डक्ट हलला. मीटिंगच्या मिनिट्समध्ये शशिधरनं स्वतःच लिहिलं, 'ही त्रुटी शशिधर यांच्या दक्षतेमुळे वेळीच लक्षात आली.' लाज विकून खाल्लेल्या माणसाकडून दुसरं काय येणार? धम्मशीलानं ते वाचलं आणि लॅपटॉप मिटला. भांडायलासुद्धा त्याची लायकी नव्हती.

शाळा उभी राहिली तेव्हा ती हेल्मेट घालून चेंजिंग रूममध्ये गेली. चाचणीसाठी होइस्टला वाळूची पोती अडकवली होती. पोती या टोकापासून त्या टोकापर्यंत कुठेही न अडता गेली. तिनं फोनवर मॉडेल उघडलं, ४१७ बंद केला आणि शेऱ्याच्या रकान्यात मराठीत लिहिलं: साइटवर बघितलं.