सहा साड्यांचे फॉल

"बाई, हा मोरपंखी नव्हे. हा मोरपंखीचा चुलतभाऊ," सीताराम तावडे म्हणाला, आणि त्याच क्षणी त्याच्या उजव्या बुटात काहीतरी कोमट ओघळलं.

त्याने खाली बघितलं नाही. गिऱ्हाईक समोर असताना खाली बघायचं नाही, हा बोरिवलीच्या त्या मॅचिंग सेंटरचा दंडक. आणि खरं सांगायचं, तर आज बघायची छातीच नव्हती.

काउंटरपलीकडे सुनंदाबाई साडीचा पदर धरून उभ्या होत्या. सरकारी इस्पितळातून निवृत्त झालेल्या सिस्टर. नजर अजून ड्यूटीवरच होती.

सीतारामच्या नजरेची कीर्ती तर पार दहिसरपर्यंत. असं सांगतात, की एका बाईने फोनवर नुसतं "शिळ्या वरणासारखा" म्हटलं आणि याने अस्तराचा नेमका तो तागा काढून ठेवला. बाई आली, रंग जुळला. सोबत वरण आणलं असतं तर तेही जुळलं असतं. एकतीस वर्षं तो या काउंटरमागे उभा होता. उभाच. थोरले शेठ म्हणायचे, सेल्समन खाली टेकला की लक्ष्मी उठून जाते. म्हणून काउंटरमागे स्टूल नव्हतं, खोकं नव्हतं, टेकायला धड भिंतही नव्हती.

पूर्वी निदान चालणं तरी व्हायचं. ट्यूबलाइट खोटं बोलते, म्हणून प्रत्येक कापड दारात नेऊन दिवसाच्या उजेडात बघायचं. बावीस पावलं जाताना, बावीस येताना, दिवसातून शंभर-सव्वाशे वेळा. दोन वर्षांपूर्वी धाकट्या शेठनी, हर्षदभाईंनी, काउंटरवर पांढराशुभ्र दिवा टांगला. "घे सीताराम, सूर्यच आणला तुझ्यासाठी!" त्या दिवसापासून सीताराम दहा-दहा तास एका लादीवर खिळला.

मग पोटरीवर निळ्या गाठी वर आल्या. वडाच्या पारंब्या लाजतील अशा. संध्याकाळी पाय शिशाचा व्हायचा. आणि घोट्याच्या आत, हाडाच्या वर, कातडी काळवंडू लागली.

ही जागा त्याला ठाऊक होती. बापाच्या पायावर हीच जागा होती. गिरणीत यंत्रमागाच्या साच्यापुढे उभा राहिलेला बाप. ती जागा फुटली आणि अकरा वर्षं वाहिली. वासाची आपली आपल्यालाच लाज वाटून म्हातारा चाळीच्या गॅलरीत झोपायचा. पट्टी बदलायचं काम सीतारामकडे होतं.

म्हणून हल्ली रोज सकाळी तो संडासात दार लावून घोट्याला दुकानातलं शेडकार्ड लावायचा. फेब्रुवारीत बदामी. मेमध्ये तपकिरी. गणपतीला कॉफी. पुढचा रंग चॉकलेटी, आणि त्याच्यापुढे कार्डावर रंगच नव्हता.

"ह्यो तुमच्या बापाशीचो पाय आसा," बायको रत्नप्रभा दाराबाहेरून ओरडायची. "डॉक्टरान मोजे सांगल्यान ते घेवा मां!"

चारकोपच्या डॉक्टरांनी खरंच सांगितलं होतं. शिरांची सोनोग्राफी करा, दाब देणारे मोजे घाला, एका जागी उभे राहू नका, झोपताना पाय उशीवर घ्या. सीताराम मेडिकलमध्ये गेलाही होता. पण खोक्यावर एका गोऱ्या बाईची तंगडी छापलेली. शिवाय मोज्याचा रंग असा, की तीनशे शेडच्या कार्डावरही त्याला नाव नाही. तो परत फिरला. आणि कापडातलं सीताराम तावडेला कोण शिकवणार? दाबच द्यायचा ना? त्याने दुकानातलेच सुती फॉल घेतले, विजारीच्या रंगाचे, आणि रोज सकाळी पायाला गुंडाळू लागला. घसरू नयेत म्हणून गुडघ्याखाली करकचून.

आत्ता त्या फॉलांच्या आतून काहीतरी वाहत होतं. मघाशी काउंटरच्या पत्र्याला घोटा घासला होता, तेव्हाच.

"अहो, तागा काढताय ना?" सुनंदाबाई.

तो कोपऱ्यापर्यंत गेला, तागा काढून परतला. बाई पांढऱ्या लाद्यांकडे बघत होत्या.

"तावडे, हा लाल कुठला?"

"मरूनकडे झुकतो," सवयीने तोंडातून निघालं, आणि मग तो काउंटर धरत खाली घसरला.

"आडवे व्हा! आहात तिथेच!" बाई काउंटरला वळसा घालून आत शिरल्या. आजवर एकही गिऱ्हाईक तिथे आलं नव्हतं. पॉपलिनचा गठ्ठा ओढून त्यांनी त्याची टाच वर ठेवली.

हर्षदभाई गल्ल्यावरून धावले. "अरे बापरे, किती रक्त! वर बांधो, घट्ट बांधो!"

"बांधायचं नाही, दाबायचं. ते पांढरं कापड द्या. नवं, नवं!" एका हाताने जखम दाबून बाई दुसऱ्या हाताने पाय सोडवू लागल्या. एक फॉल निघाला. दुसरा. तिसरा. जादूगाराच्या नळीतून निघावेत तसे निघतच होते. सहावा निघाला तेव्हा गुडघ्याखाली बोटभर खोल वळ दिसला.

"सहा साड्यांचे फॉल?" हर्षदभाई.

"अहो तावडे, दाबाचा मोजा घोट्याला घट्ट असतो आणि वर सैल होत जातो, रक्त वर चढावं म्हणून. तुम्ही वरूनच आवळलंत. खालचं रक्त जाणार कुठे?"

सीताराम छताकडे बघत होता. तो पांढरा दिवा नेमका डोळ्यांवर येत होता. "सिस्टर," तो म्हणाला, "वडलांचं फुटलं ते परत भरलं नाही. रंग बघा ना. चॉकलेटी झालाय का?"

बाईंनी दाब न सोडता वाकून घोटा नीट बघितला. "कॉफी," त्या म्हणाल्या. "नुसती शीर फुटलीय, तेही नखाएवढी. रक्त थांबतंय बघा. वडलांच्या वेळी लेसर कुठे होतं? आता सकाळी करतात आणि संध्याकाळी चालत घरी. पण उद्याच दाखवायचं. आणि चालता की नाही दिवसभरात?"

"पूर्वी दारापर्यंत जायचो."

हर्षदभाईंनी मान वर करून आपल्या सूर्याकडे बघितलं, मग जमिनीवरच्या सीतारामकडे.

लेसर झालं. पाचव्या आठवड्यात सीताराम कामावर आला, तेव्हा काउंटरमागे उंच स्टूल होतं. वर दिवा टांगलेल्या जागी नुसता हूक.

"बस ना रे," हर्षदभाई म्हणाले. "माझे वडील वरून बघत असतील तर मी बघून घेईन."

तो बसला. कडेवरच. मोज्याच्या आत घोटा कॉफीच होता. तो रंग बहुधा आता जाणार नव्हता. तासाभराने कांदिवलीची एक जुनी गिऱ्हाईक आली. बसलेल्या सीतारामवरून तिची नजर सरळ पुढे गेली.

"इथे ते एक उभे असायचे ना? रंगवाले? सोडलं का त्यांनी?"

हर्षदभाई काहीतरी बोलायला गेले. सीतारामने हात केला.

"असायचे," तो म्हणाला. "दाखवा साडी."

पदर आणि धाग्याचं रीळ घेऊन तो उठला आणि दाराकडे निघाला. वीस. एकवीस. बावीस. पायरीवर थांबून त्याने पदर उजेडात धरला. वाऱ्याने विजार जराशी उडाली आणि खालच्या मोज्याचा, कार्डावर नाव नसलेला रंग भर रस्त्यात दिसला. त्याने विजार खाली ओढली नाही. एका हातात पदर होता, दुसऱ्यात रीळ, आणि रंग अजून जुळायचा होता.