न पुसलेला फळा

पिवळ्या खडूचा तुकडा.

नाना रिटायर झाले तरी डस्टर टेबलाच्या खणात जपून ठेवलेला.

शाळेच्या ऍपमधला रकाना: चाळीस मिनिटांत मुलांना काय आलं?

सुदामा नगरातल्या हिंदी शाळेचा व्हरांडा, चौकोनी फरश्यांचा.

भुजा दुगुनी, तो जगह दुगुनी।

चौरसाची बाजू दुप्पट केली की जागाही दुप्पट, हे शेवटचं वाक्य चूक होतं. सहावीतल्या आर्यानं ते बुधवारी फळ्यावर लिहिलं, सगळ्या वर्गानं माना डोलावल्या, आणि गणिताच्या ऋजुता मॅडम एवढंच म्हणाल्या, "बरं. राहू दे." गुरुवारीही राहू दिलं. शुक्रवारी कुणाच्या तरी मम्मीनं वहीचा फोटो पेरेंट्सच्या ग्रुपवर टाकला आणि प्रिन्सिपल शैलजा मॅडमनी ऋजुताला बोलावून घेतलं.

"उद्या दहाला पेरेंट्स मीटिंग. तोवर फळ्यावर चूक दिसली, तर सहावी दुसऱ्या टीचरला देईन. साफ सांगतेय."

"मॅडमजी, मी पुसलं तर ते माझं उत्तर होईल. आर्याला सापडू द्या ना."

"आणि सापडेपर्यंत ऍपमध्ये काय भरू? भजन?"

घरी वडिलांनीही तीच री ओढली. नाना चौतीस वर्षं मास्तर होते.

"चूक फळ्यावर मुक्कामाला? अगं, आम्ही तिला श्वास घेऊ देत नव्हतो. मास्तरनं द्यावं, पोरांनी घ्यावं."

"आणि नाही घेतलं तर?"

"तर परत द्यावं!"

"घ्यायला हात रिकामा लागतो, नाना. त्या पोरीची मूठ 'मला येतं' यानं भरलीय."

ऋजुता हसली खरी, पण ताटातली पोळी अर्धीच राहिली. आजोबांच्या काळी शिक्षण माणूस घडवायचं. नानांच्या काळी नोकरी लावायचं. आता ऍपवर हिरवी खूण आणतं. आणि ही सहावी तिनं पाचवीपासून हाताला धरून आणली होती.

शनिवार. नऊ चाळीस.

"आर्या, व्हरांड्यात चल. एका फरशीची बाजू दुप्पट करून दाखव."

आर्यानं खडूनं रेघ ओढली. मग दुसरी. चौकोन पुरा केला. आतल्या फरश्या मोजल्या, पुन्हा मोजल्या.

"मॅडम! ये तो चार आ गई!"

ती पळत आत गेली. 'जगह दुगुनी'वर काट मारून 'चौगुनी' लिहिलं. तिथंच थांबलं असतं तर सगळंच निभावलं असतं. पण ऋजुताला राहवेना.

"मग जागा दुप्पटच हवी असेल तर?"

आर्यानं क्षणाचाही विचार केला नाही. खाली लिहिलं: भुजा डेढ़ गुनी।

दहाला पाच कमी. शैलजा मॅडम दारात.

"हे तरी बरोबर आहे?"

एका 'हो'नं काम भागलं असतं.

"नाही," ऋजुता हळूच म्हणाली. "दीडपट बाजूला जागा सव्वादोनपट होते."

शैलजा मॅडमनी डस्टर उचलला. ऋजुता फळ्याला पाठ लावून उभी राहिली.

"सहावी घ्या, मॅडमजी. पण हे आर्याच पुसेल. जी टीचर येईल तिला सांगा, फरश्या मोजू द्या."

जिन्यात पेरेंट्सच्या चपला वाजू लागल्या. आर्या तर केव्हाच व्हरांड्यात गुडघ्यांवर बसून नव्या रेघा ओढत होती. शैलजा मॅडमनी तिच्याकडे पाहिलं आणि डस्टर टेबलावर ठेवला.

"सहावीचं टाइमटेबल सोमवारी बदलेल."

"चालेल."

सहावीत असताना ऋजुतानंही 'दुप्पट'च लिहिलं होतं. वर्गावर नाना होते, आणि त्यांनी ते लगेच पुसलं होतं.